आबांचं भाकरीचं फडकं

प्रिय आक्का,

पाकीट बघून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत. आबांच्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला आणि आता ते काळा चष्मा लावून माझ्या गॅलरीत असे बसतात, की सोसायटीतली पोरं जिन्यात दंगा करायची बंद झाली आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीस, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचंय. दाजींच्या हाती हे आधी देऊ नकोस. ते पत्रातला मधला मजकूर गाळून थेट सही वाचतात.

आबांनी पाचोडची मेंढरं मोतीराम काकांवर सोपवली आहेत आणि इथं बसून रोज त्यांना फोन करून भंडावून सोडतात. मी नवी गादी आणली होती, तिच्यावर मी झोपतो; आबा आपली घोंगडी टाकून फरशीवर. चिकलठाण्याचं विमान डोक्यावरून गेलं, की म्हणतात, "एवढ्या वरनं मेंढरं दिसत आसतील का रं?" येताना त्यांनी पिशवीत ते भाकरी बांधायचं फडकंही आणलं. आईच्या लुगड्याचं, लाल काठाचं. इथं त्याचं काहीच काम नाही, लेकाच्या घरी ते पोटभर जेवतात आणि वर मिठाला नावं ठेवतात. पण सवय म्हणून ते धुऊन माझ्या दोरीवर वाळत घातलं, आणि ते दिसलं की मला तूच आठवायचीस.

लेकीला लेकरू झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तुझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तू आणि बिभीषण दाजी दोघांनी लेकराचा विषय केव्हाच हसून बाजूला ठेवला, तुमचं छान चाललंय. पण आबा सोयगावला येणार ते फडक्यात भाकरी बांधून, बाटलीत घरचं पाणी घेऊन. तुझ्याच ओट्यावर बसून आपली गार भाकरी खाणार. आणि तू काय करतेस तेही मला ठाऊक आहे. ते येणार असले की तू चूलच पेटवत नाहीस. त्यांच्यापुढं गरम अन्नाचा वास नको, म्हणून तुम्ही दोघं ते एसटीत बसेपर्यंत उपाशी राहता. मला याचा इतका राग यायचा आक्का, पण कुणावर काढायचा तेच कळायचं नाही.

माझं म्हणशील तर झकास चाललंय. या आठवड्यात ब्लॉगवर एका कंपनीच्या मिक्सरबद्दल लिहिलं, आणि केस गळू नयेत म्हणून काय करावं यावर एक लांबलचक लेख लिहिला. माझ्या डोक्याकडं बघून आबा म्हणाले, "आधी सोता वाच." मध्ये तात्यासाहेब एक स्थळ घेऊन आले होते. मुलगा काय करतो, विचारल्यावर मी ब्लॉग म्हणायच्या आत आबांनी "कंपनीत हाय" असं ठोकून दिलं. चिकलठाण्यात राहतो म्हणजे कंपनीतच असणार, म्हणून तात्यासाहेबांनीही मान डोलावली. मग कोणती पाळी असते असं विचारलं, आणि मी लुंगीवर, दुपारी, त्यांच्यासमोर बसलेलो! आबा म्हणाले, "कायमची रातपाळी." स्थळ गेलं ते गेलंच.

या पोटापाण्याच्या लिखाणाखेरीज माझा स्वतःचा एक ब्लॉग आहे, 'माळवद' नावाचा. त्यात मी आपल्या घरातलंच लिहितो. चैत्रात माळवदावर कुरडया घालायचो ते. गव्हाच्या चिकाची वाटी मिळावी म्हणून तू माझी मनगटं पिरगाळायचीस ते. कावळे हाकायला बसवलेले आबाच ओल्या कुरडया खाऊन टाकायचे आणि आई कावळ्यांना शिव्या घालायची ते. लोकांना हे फार आवडतं. पुण्यातल्या एक बाई दर वेळी विचारतात, तुमच्या आक्कांनी आता मारायचं सोडलं का? मी कळवलं, नाही.

डॉक्टरांनी आबांना टीव्ही बंद केलाय. म्हणून परवा दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाले, "तू काय लिवतोस ते वाच बरं. लोकांला लई आवडलेलं वाच." मी बहाद्दरानं काही विचार न करता सगळ्यात गाजलेला लेख उघडला आणि वाचायला लागलो. मध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं, हा तर तो लेख! आईच्या दहाव्याला चुलीमागं बसून तू मला जे सांगितलं होतंस आणि कुणाला सांगू नको म्हणाली होतीस, ते. मी कुणाला सांगितलं नव्हतंच, फक्त लिहिलं होतं. नावं बदलली होती, आईची भागूबाई केली होती, सोयगावचं सिल्लोड केलं होतं. पण थंडीचे दिवस, आई एकटीच तुझ्याकडं आलेली, तू भाकरी टाकतेस, तव्यावर ती टम्म फुगते, आणि आईला राहवत नाही. ती वरचा पापुद्रा अलगद सोलते, त्याला तेल-मीठ लावते आणि डोळे मिटून खाते, हे सगळं जसंच्या तसं. मी दोन ओळी गाळायला गेलो. आबा म्हणाले, "गाळू नको, वाच." वाचलं. मग दोन भाकरी आणखी खाऊन तोंड पुसून आई "यांला सांगू नको गं" म्हणाली, तिथपर्यंत वाचलं.

मला वाटलं, संपलं, आता आबा उचलतील पिशवी. मग म्हणाले, "भागूबाई कुठली? ही साळूबाई हाय. आधी पापुद्रा खानारी दुसरी बाई मी नाय पाह्यली." आणि एकदम हसायला लागले. "लबाड! मला फडक्यात गार भाकर बांधून द्यायची आन आपन गरम हानून यायची व्हय!" हसता हसता चष्मा काढला. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतून आलेलं चालतं का, ते मी विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, की रीतभात त्यांच्या मनातून कधीच गेली होती. "पर तुजी माय लेकीच्या दारातनं न खाता गेली आसं वाटायचं, आन मी एकट्यानं कसा घास घालू तोंडात?" आक्का, आपण इतकी वर्षं त्यांना हट्टी म्हणत होतो. ते आईसाठी थांबले होते गं. मलाही रडू आलं, मग दोघांनी चहा केला. चहा पिताना मात्र त्यांनी मला सोडलं नाही. "घरच्या चहाड्या करायचे पैशे मिळत्यात व्हय तुला?" म्हणाले.

तर आता कशासाठी लिहितोय ते ऐक. येत्या रविवारी आबा सिल्लोडवरून सोयगावला येताहेत, एकटे. या वेळी ते तुझ्याकडं जेवणार आहेत हे तुला सांगायचं नाही, अशी मला ताकीद आहे; ओट्यावर बसून सहज म्हणतील, "भूक लागली बाई." पण तुझी सवय मला माहीत आहे. तू चूल पेटवलेलीच नसणार, आणि या वेळी त्यांच्याकडंही भाकरी नसणार, म्हातारा आपल्याच युक्तीनं उपाशी राहील! म्हणून रविवारी चूल पेटव. पुरणबिरण घालू नकोस, साधी भाकरी आणि ठेचा कर, आणि पहिला पापुद्रा त्यांच्या ताटात वाढ. रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, दाजींना सांग मी परवानगी दिली आहे. फडकं ते आणणार आहेत, पण रिकामं. निघताना त्यात दोन भाकरी बांध. लेकीच्या घरची म्हणून एक मोतीराम काकांना दाखवायची आहे म्हणे.

तुझाच, कायमच्या रातपाळीतला,
सत्यम