मागे स्प्रिंग नसलेली सायकल

प्रिय सुलू,

आज आपल्या घरात नवी सायकल आली. तुला विचारल्याशिवाय या घरात कधी कुकर आला नाही की पडदा बदलला नाही, आणि ही एवढी मोठी वस्तू तू नसताना आली. मीनल ऑफिसला पवईला गेली आहे. घरात मी आणि ती सायकल, दोघंच. सकाळपासून तिच्याभोवती फेऱ्या मारतोय. शेवटी म्हटलं, तुला कळवल्याशिवाय चैन पडायचं नाही. मी सातवी शिकलेला माणूस. तुझ्यासारखं झरझर लिहिता येत नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

आणि दचकू नकोस. उद्या आपली मीनल ही सायकल घेऊन मुलुंडच्या डोंगराकडच्या त्या जुन्या दगडखाणीचा उतार उतरणार आहे.

हो, तोच! गेल्या वर्षी जिथे पडून तिचं मनगट मोडलं होतं, तोच उतार.

ते तुला मी तेव्हा सांगितलं नव्हतं. रोज तुझ्या फोटोसमोर उभा राहून सगळं सांगायचो, तेवढं टाळलं. म्हटलं, तिथे तरी कशाला तुझ्या जिवाला घोर? प्लास्टर निघालं आणि तिने स्वतःच जुनी सायकल विकून टाकली. मी एका शब्दानेही काही म्हटलं नव्हतं. पण माझं तोंड बोलतं ना गं! तूच म्हणायचीस, "तुम्ही गप्प बसलात तरी बिल्डिंगला ऐकू जातं."

मग ती रविवारी घरी राहायला लागली. भाजी निवडायची, माझ्याबरोबर टीव्ही बघायची, लवकर झोपायची. मी खूश होतो. पोरगी सुखरूप डोळ्यांसमोर! पण हळूहळू ती इतकी शहाण्यासारखी वागायला लागली की मलाच भीती वाटू लागली. चाळिशीला आलेली बाई बापाशेजारी बसून मालिका बघते आणि एकदाही त्यातल्या सासूला नावं ठेवत नाही, हे बरं लक्षण आहे का? मग एक दिवस मीच म्हणालो, "जा, घे सायकल. फक्त चांगली घे."

आता चांगली म्हणजे कुठली, यावरून आमचं वाजलं.

डोंगरातल्या सायकली दोन तऱ्हेच्या असतात. एकीला पुढे स्प्रिंग आणि मागेही स्प्रिंग. ती फुल सस्पेन्शन. दुसरीला फक्त पुढे, मागचा भाग सगळा ताठ. तिला हार्डटेल म्हणतात. मीनलला हार्डटेल हवी होती. मला कळेना, दगडातून जायचं तर जास्त स्प्रिंगवाली सोडून कमी स्प्रिंगवाली कोण घेतं? मी कंपनीत ज्या सायकलवरून जायचो, तिच्यासुद्धा सीटखाली दोन जाड स्प्रिंगा होत्या!

दुकानात मी त्या दोन स्प्रिंगवालीवर बसून बघितलं. काय सांगू तुला, सोफा! मालक म्हणाला, "काका, शोभता हां." मी मीनलला म्हणालो, "हीच घे."

"बाबा, तुम्ही दुकानात बसलायत. खाणीत नाही."

"तेच म्हणतोय मी. इथे एवढं बरं वाटतं तर तिथे किती वाटेल! पाठीला मागे स्प्रिंग पाहिजेच. तुझ्या आईला विचार."

तोंडातून गेलं ते गेलं. मालक उगीच कापडाने हँडल पुसायला लागला.

तू हसशील, पण माझ्या डोक्यात सगळा वेळ तुझी पाठ होती. त्या शेवटच्या महिन्यांत रिक्षातून हॉस्पिटलला जाताना खड्डा आला की तू माझा हात आवळायचीस. ओरडायची नाहीस, नुसता हात आवळायचीस. मी रिक्षावाल्याला "हळू, हळू" म्हणत राहायचो आणि तू उलट मलाच सांगायचीस, "अहो, त्याचा काय दोष? रस्ता त्याने केलाय का?" तेव्हापासून कुठेही चाक खड्ड्यात गेलं की माझ्या पाठीतून कळ जाते. मग पोरीच्या पाठीखाली स्प्रिंग नको?

मीनलने वाद घातला नाही. म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चला. दोन्ही चालवून दाखवते. मग तुम्ही म्हणाल ती घेते. शब्द."

आता सगळं माझ्यावर! हे मला कधी झेपलंय का, सांग. हॉटेलात इडली की डोसा, हे मी आयुष्यात एकट्याने ठरवलेलं नाही.

रविवारी गेलो. तिची मैत्रीण फरीदा आली होती, तिची सायकल दोन स्प्रिंगवाली. दुकानदाराने हार्डटेल एका दिवसापुरती वापरून बघायला दिली होती. मी पिशवीत पाणी, ग्लुकोज, कापूस, पट्ट्या, मलम आणि एक चादर घेतली होती. फरीदा म्हणाली, "अंकल, अँब्युलन्स राहिली ना!"

"नंबर आहे माझ्याकडे," मी म्हणालो. दोघी हसत सुटल्या. मी चेष्टा केली नव्हती.

मला उताराच्या खाली एका दगडावर बसवलं. आधी मीनल फरीदाच्या सायकलवरून आली. अगं, आली म्हणजे काय, सुटलीच! मागचं चाक दगडावर चढत होतं, पडत होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. धुरळा उडवत माझ्यासमोर थांबली तोवर मी पिशवीतला कापूस बाहेर काढला होता.

"एवढी जोरात कशाला आलीस?"

"जोरात होते? बघा, हेच तर. ही सायकल कळूच देत नाही. दगड तीच गिळते."

मग ती हार्डटेल घेऊन वर गेली. या वेळी लगेच निघाली नाही. उभी राहून तिने सगळा उतार नीट बघितला. आणि मग आली ती निवडत निवडत. हा दगड डावीकडून, तो उजवीकडून, त्या दोघांच्या मधून. खड, खड, खड. एकेक दगड मला खाली ऐकू येत होता. एका ठिकाणी थांबली, पाय टेकला, चार पावलं मागे गेली आणि दुसरी वाट धरून पुन्हा आली. पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी हळू! मी श्वास घ्यायला लागलो.

आणि सुलू, मग माझ्या लक्षात आलं की ती बसलेलीच नव्हती! सीट पार खाली केलेली, रिकामी. पोरगी पूर्ण वेळ पेडलवर उभी. गुडघे सैल, खालून सायकल आदळतेय, उसळतेय आणि वर ही शांत. ते गुडघे मी ओळखले गं. आपण मार्व्याहून मनोरीला जायचो तेव्हा बोट हलली की मी दोन्ही हातांनी फळी धरून देवाचा धावा करायचो, आणि तू मधोमध उभी, कुठे काही धरलेलं नाही. म्हणायचीस, "गुडघे ढिले सोडा हो. होडी हलता, तर हलांदे." मला ते कधी जमलं नाही. तिला कोणी शिकवलं? मला न सांगता तिला पोहायला घातलंस, तसं हेही माझ्या पाठीमागे शिकवलंस का? एवढं तरी सांगून जायचं!

ती खाली आली. मी विचारलं, "पाठीला लागलं का?"

"बसलेच नाही तर पाठीला काय लागणार, बाबा? पोटऱ्या भरून येतील उद्या." मग माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "फरीदाची सायकल वाईट नाही. तिला उड्या मारायच्या असतात, तिला तीच पाहिजे. पण मी पडले ना, तेव्हा मी दगड बघितलाच नव्हता. मला दगड बघायची सवय लावायची आहे. ही सायकल लावते. ही तुमच्यासारखी आहे."

"म्हणजे कशी?"

"एका दगडाला माफी नाही. प्रत्येकाला कुरकुर."

फरीदा एवढी हसली की तिला ठसका लागला. मी ग्लुकोजचं पाणी दिलं.

पण मी मनात म्हटलं, असेना का! जन्मभर माझ्या कुरकुरीला तुम्ही मायलेकी हसलात. निदान ही सायकल बनवणाऱ्याला तरी कुरकुरीचा उपयोग कळला. मी म्हणालो, "हीच घे." सुलू, मी एकट्याने ठरवलं! कोणाला विचारलं नाही, घरी जाऊन बघू म्हटलं नाही. म्हणून तर आज तुला लिहितोय. चुकलं असेल तर आत्ताच सांग.

आज हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. चेनला थोडं तेल घालावं म्हणून बाटली काढली, तोच ऑफिसातून तिचा फोन. "बाबा, पूजा करताय ना? ब्रेकच्या चकतीला तेल नाही, कुंकू नाही, काही म्हणजे काही लावायचं नाही! ब्रेक लागणार नाही नाहीतर." माझा हात तिथल्या तिथे थांबला. बघ, एवढं सांभाळायला जातो आणि माझ्याच हातून काय झालं असतं! मग चकती सोडून बाकी सगळी सायकल पुसून काढली. आता दिवाणखान्यात उभी आहे, हार घालून. छान दिसते.

तेव्हा तुला एक वचन देतो. उद्या मी खाणीवर जाणार नाही. ती निघताना दारात "सांभाळून" एकदाच म्हणेन. फोन करणार नाही. पोटात खड्डा पडेल, तर पडू दे, त्याची मला सवय आहे. आणि ती परत आली की नेहमीसारखे आधी हातपाय तपासणार नाही. आधी तिचं तोंड बघेन, खुललंय का ते.

तुझाच,
मीनलचे बाबा