परत आलेली बुट्टी

९ ऑगस्ट
घरगुती व्यवसायाच्या ऑनलाइन वर्गात सांगितलं, तुमचा ग्राहक कोण ते एका वाक्यात लिहा. बराच वेळ कागद कोरा. शेवटी लिहिलं: ज्याला काही द्यायचं आहे आणि काय द्यावं कळत नाही, तो. बाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, कविता नको, वयोगट लिहा.
कॉलेजात या सत्रात तास मिळाले नाहीत. चौदा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. त्याविषयी इथे पुन्हा लिहायचं नाही.

१२ ऑगस्ट
भेटवस्तू ठरली. बुट्टी, बांबूची टोपली. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर जायची ती, लाडू-करंज्यांनी भरलेली, वर पांढरं फडकं बांधलेली. तीच, लहान. आत आजऱ्याचे काजू, गुळाची छोटी ढेप, घरची चटणी. फडकी नसीम शिवणार. बी.ए.ला एका बाकावर होतो. आता तिचं टेलरिंगचं दुकान आहे. तिने नमुना हातात घेऊन फिरवला.
"रिबन न्हाय, चमकी न्हाय. तेराव्याला निघाल्यागत दिसतंय की गं हे."
फडक्याला लाल काठ लावायचं ठरलं.

१६ ऑगस्ट
कोडोली. बुट्ट्या विणणाऱ्या तानूबाई दारातच बांबूच्या कामट्या काढत बसलेल्या. मी हाताने आकार दाखवला.
"एवढीशी? हिच्यात कोंबडीबी बसायची न्हाय."
वीस विणते म्हणाल्या.

२० ऑगस्ट
वि. कोर्टातून आला. घरचा पहिला ग्राहक नवराच, म्हणून त्याला बुट्टी दाखवली. "छान आहे." मग फोन.
फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकले. अंगठे पुष्कळ. ऑर्डर एक नाही.

२३ ऑगस्ट
तीन दुकानं फिरले. "ठेवून जावा, बघू." ठेवून आले. चौथ्याने फडकं सोडून काजू खाल्ला. म्हणाला, काजू चांगलाय.
घरी येऊन खिडकीशी बसले. किती वेळ ते माहीत नाही.

२८ ऑगस्ट
पहिली ऑर्डर. अनोळखी नंबर. गौरीसाठी चार. दुपारी आणखी दोन, दुसरा नंबर.
वि.ला फोन केला. कोर्टात असूनही उचलला. "बघ, मी म्हणत होतो ना."
म्हणत नव्हता. चालेल.

५ सप्टेंबर
रोज एखाददुसरी ऑर्डर. सगळे अनोळखी. कुणी घासाघीस करत नाही, कुणी आत काय आहे विचारत नाही.
आज आजऱ्याहून तीन. काजू आजऱ्याचे आणि मागणीही आजऱ्याहून! म्हणजे वस्तू काजूच्या पलीकडे गेली. नसीमला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिने मशीन थांबवलं नाही.

८ सप्टेंबर
मेसेज आला. "फडकं सोडलं आणि आईचे हात आठवले. – देसाई, आजरा."
जेवताना वि.ला वाचून दाखवला. "पुन्हा वाच," म्हणाला. पुन्हा वाचला.
वाक्य घट्ट आहे. एक शब्द काढता येत नाही. वर्गात फळ्यावर लिहिलं असतं.

११ सप्टेंबर
ते वाक्य पत्रकावर छापून घेतलं. वर्गातल्या बाई खूश. ग्राहकाचं एक वाक्य तुमच्या दहा वाक्यांना भारी, म्हणाल्या.

१३ सप्टेंबर
तानूबाईंना दिवाळीसाठी शंभर बुट्ट्या सांगितल्या. त्यांनी हातातली कामटी खाली ठेवली. गुऱ्हाळवाल्यांच्या मोठ्या बुट्ट्यांचं काम दरवर्षी याच दिवसांत असतं. ते सोडावं लागेल.
"बाई, नक्की का?"
नक्की.
"मग सांगतो त्यास्नी, औंदा दुसरी बघा म्हणून."

१८ सप्टेंबर
कॉलेजातून फोन. पुढच्या सत्रात तास आहेत, येणार का. नको म्हटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा नको मी म्हटलं.
वि.ला सांगितलं. तो पाणी पीत होता. पेला खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं. आनंद झाला असेल असं वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार
सकाळी एक म्हातारे दारात. धोतर, टोपी, हातात माझी बुट्टी.
"वकीलसायब हायत का?"
बाहेर गेलेत म्हटलं.
"मग तुमीच घ्या. देसाई, आजऱ्याचा. सायबांची बुट्टी परत द्यायची हुती. मोकळी कशी द्यायची, म्हणून घनसाळ तांदूळ घातलाय वाईच."
साहेबांची?
"त्यांनीच सांगिटलं न्हवं, घ्या म्हणून. माझी जमिनीची केस हाय त्यांच्याकडं. न्हाय कसं म्हणायचं? तीन घेतल्या."
काजू कसे होते, मी विचारलं.
ते हसले. "आवो, काजूच फोडतो आमी घरात. चांगलंच असणार की."
आणि तो मेसेज?
त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. बटणांचा, दोरीने बांधलेला. "ह्याच्यावर नुसतं बोलतो मी."
चहा घेऊन गेले. माझ्या फडक्यात मूठभर तांदूळ. वास घरभर.

त्याच दिवशी, संध्याकाळी
वि. आला. बुट्टी टेबलावर ठेवलेली होती. पाहिली आणि बसला.
मेसेज कुणी लिहिला?
"मी. नंबर ज्युनिअरचा."
ऑर्डरी?
"पक्षकारांना सुचवलं, एवढंच. जबरदस्ती नाही केली."
नाही म्हणणारा एक तरी निघाला?
त्याने फडक्याची गाठ सारखी केली.
"तू दिवसभर खिडकीशी बसायचीस. मला बघवत नव्हतं."
कॉलेजला मी नको म्हटलं तेव्हा?
"किती दिवसांनी ताठ बसली होतीस."
त्याने मला त्याचंच वाक्य दोनदा वाचायला लावलं. मी वाचलं. आवाज चढवून, थांबे घेऊन.

२२ सप्टेंबर
नसीम. मी काही बोलायच्या आधी तिने मशीन थांबवलं.
तुला माहीत होतं.
"व्हय. वकील आलेला की दुकानात. फडकी जास्तीची शिवून ठेव म्हणाला, कमी पडतील. तवाच कळलं मला."
आणि गप्प बसलीस.
"सांगणार होतो गं. रोज सांगणार होतो. तू आलीस की नुसती बडबड, हसणं. वीस वर्षांत तू एवढं बोलली नव्हतीस. मी कोण ते बंद करायला?"
दोघांनाही माझ्या चेहऱ्याची काळजी. चेहऱ्यामागे कुणी आहे का, हे विचारायला कुणी आलं नाही.
फडकी घेतली नाहीत. तिने पिशवीत भरून मागून पाठवली.

२४ सप्टेंबर
वि.समोर ग्राहकांची यादी ठेवली. त्याची माणसं कोणती, खूण कर. त्याने पेन घेतलं, एकेका नावावर. शेवटी चार उरली.
"यांना मी ओळखत नाही."
खरं?
"खरं."
त्याचा हा आवाज मी कोर्टात ऐकला आहे.

२५ सप्टेंबर
वहीत वाक्य बदललं. माझा ग्राहक: ज्याची तारीख विजयच्या हातात आहे, तो.
कॉलेजला फोन केला. तास दुसऱ्या कुणाला दिले. मुलगी हुशार आहे म्हणाले, तुमचीच विद्यार्थिनी.

२९ सप्टेंबर
कोडोली. रस्ताभर वाक्यं जुळवली. तानूबाईंसमोर एकही जुळलं नाही. तसंच सांगितलं, तुकड्यांत.
त्यांच्या मागे बुट्ट्यांची उतरंड, छपराला लागलेली.
"साठ झाल्या की वो बाई. गुऱ्हाळवाल्यास्नी मी न्हाय म्हणून बसलो. ती आता गारगोटीच्या बुट्ट्या आणत्यात."
मला फसवलं गेलं, असं काहीतरी मी म्हटलं.
"नवऱ्यानं फशिवलं, ते तुमचं तुमी बघा. मला कुणी फशिवलं?"
मी, म्हटलं.
त्यांनी मान हलवली. एवढंच ऐकायचं होतं जणू. मग पुन्हा कामटी हातात.
बाकीच्या थांबवूया का, विचारलं.
"बांबू भिजलाय. आता काय पूजा घालू त्याची?"

५ ऑक्टोबर, रविवार
जोतिबा. वि. म्हणाला, गाडीने सोडतो. नको. चादरीत दहा बुट्ट्या आणि थोडी पत्रकं बांधून एस.टी.ने गेले. तिथे मला कुणी ओळखत नाही, त्यालाही नाही. म्हणून तिथे.
पेढेवाल्याने त्याच्या फळीचं टोक दिलं. "बाई, पांढरं फडकं घिऊन जोतिबाला? कोण पाठिवलं तुमाला हितं?"
दुपारपर्यंत सगळी फडकी गुलालाने गुलाबी. झटकलं की आणखी पसरतं.
मी ओरडू शकत नाही. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचायचा, डोंगरावर दहा पावलं जात नाही. पेढेवालाच मधूनमधून माझ्यासाठी ओरडला: "काजू-गूळ, देवाचा गुलाल लागल्याला!"
एक बाई थांबली. बुट्टी उलटी करून तळ दाबून पाहिला. "भाकरीला मस्त हाय. काजू काढा तुमचं, बुट्टी तेवढी द्या."
काढले. दिली.
त्या बाईची कुठलीही केस नव्हती. विचारलं नाही, पण नव्हती.

८ ऑक्टोबर
पत्रकांचा गठ्ठा उरला आहे. ते वाक्य कात्रीने कापून काढलं, एकेका पत्रकावरून. वि. समोर बसून बघत होता.
"वाक्य वाईट नव्हतं," म्हणाला.
नव्हतं. म्हणूनच.

१२ ऑक्टोबर
सकाळी फोन. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, मागे यंत्रमागांचा खडखडाट. इचलकरंजी. कामगारांना दिवाळीला द्यायला तीस बुट्ट्या.
तुम्हाला माझा नंबर कुणी दिला?
"कुणी म्हंजे? कागदावर हाय की."
कागद कुठे मिळाला?
"आमच्या सासूबाईंनी डोंगरावरनं आणला." मग जरा थांबून, "का वो?"
विजय वकिलांना ओळखता?
"कोण वकील? ओ बाई, आमी बुट्ट्या इचारतोय. हायत का न्हाईत?"
आतल्या खोलीत वि. पेपर वाचत होता. पानांचा आवाज थांबला होता. तो ऐकत होता, की वाट बघत होता, दारातून कळत नव्हतं.
आहेत, म्हटलं. पत्ता सांगा.
लिहून घेतला. उद्या पहिल्या एस.टी.ने मीच जाणार आहे. एक बुट्टी घेऊन. दार कोण उघडतं, बघायचं आहे.