आभारातला ‘आ’

आदरणीय सिस्टर,

“आभार देवाचे माना, मला पत्रं धाडू नका,” असं बदलीवर जाताना तुम्ही बजावलंत. म्हणून हे गॅरेजच्या खणातच राहील.

काल शाळेच्या चॅपलमध्ये शेवटच्या वर्गाचा निरोप झाला. आभाराचं भाषण आमच्या अडखळत बोलणाऱ्या लेकीकडे, आणि ती ‘आ’वरच अडली. माझा जीव टांगणीला.

शेजारच्या बाई कुजबुजल्या, “कुणीतरी पुढचं सांगा तिला.”

मागून तिची मैत्रीण म्हणाली, “नको काकू. सिस्टर सांगून गेल्यात, शब्द तिचा आहे, तीच काढेल.”

अख्खी शाळा थांबली. कुणी खोकलंसुद्धा नाही. इंजिनाचं दुखणं आवाजावरून ओळखणारा मी, पण अशी शांतता कधी ऐकली नव्हती.

“आभार,” ती म्हणाली, आणि सावकाश सगळं भाषण केलं.

देव बोलतो कसा, मला ठाऊक नाही. तो वाट कशी बघतो, ते काल ऐकलं.

तुमच्या विद्यार्थिनीचा बाप