गाडीचा हीटर आणि धडा सातवा

३ डिसेंबर, सकाळी ७.४०
गाडीचा हीटर लावला. गार हवा आली. पंखा वाढवला. जोरात गार हवा आली. म्हणजे पंखा उत्तम आहे. निम्मं काम झालंच म्हणायचं.
सोळा तारखेला मुलगी येतेय, दोन महिन्यांच्या नातीला घेऊन. नातीला अजून फोटोतच पाहिलंय. स्टेशनपासून घर दीड तास. आमच्या हिला सांगून टाकलं की नात माझ्याच गाडीतून, उबेत घरी येईल. तेरा दिवस हातात आहेत. शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. धडा सातवा, उष्णता. हीटर म्हणजे तरी दुसरं काय?

४ डिसेंबर
ही म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. नाही दाखवणार. इथे गॅरेज एकच, आणि ते चालवतो माझा जुना विद्यार्थी. नववीत त्याला मी नापास केलं होतं. शंभरपैकी एकतीस. हेडमास्तर म्हणाले होते, चार मार्क ग्रेस द्या, पोराचं वर्ष वाचेल. मी म्हणालो, ज्याला उष्णता कळत नाही त्याला ग्रेस नाही. आता त्याच्या दारात जाऊन काय सांगू, माझी गाडी तापत नाही म्हणून?
शिवाय मला हे काम नवीन नाही. उन्हाळ्यात इंजिन भलतंच तापायचं. मी रेडिएटर धुतला आणि पाण्याच्या वाटेत अडून बसलेला थर्मोस्टॅट नावाचा पितळी भाग काढून टाकला. ही नको म्हणत होती. त्यानंतर इंजिन एकदाही तापलेलं नाही. तो भाग सध्या या वहीवर पेपरवेट आहे. वजनदार आहे, दिसतोही बरा. कंपन्या उगाच काहीबाही घालून ठेवतात.

६ डिसेंबर
व्हिडिओ पाहिला. एका माणसाने अकरा मिनिटांत हीटर दुरुस्त केला. भाषा कळली नाही, हात कळले. फ्यूज बदलायचा ठरवला.

६ डिसेंबर, संध्याकाळ
फ्यूज बदलला. गार हवा कायम. गाडीतला रेडिओ बंद. रेडिओ तसाही कोण ऐकतं. ही ऐकते, हे आज कळलं.

८ डिसेंबर
हिच्या भावाचा फोन. नवीन गाडी घेतल्यापासून फार प्रेमळ झालाय. म्हणे, भाऊजी, स्टेशनवर मीच जातो, माझ्या गाडीत सीटसुद्धा गरम होते. मी म्हणालो, काही गरज नाही, आमचा हीटर झकास चालतो.
हे बोलायला नको होतं. आता टॅक्सी केली तरी तो कारण विचारणार, आणि पुढची दहा वर्षं घरातल्या प्रत्येक जेवणात ही गोष्ट वाढली जाणार. गॅरेजला जावं तर तिथे एकतीस मार्क उभे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी कानटोपी घालून.

१० डिसेंबर
रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला, समोरचा वारा अडवायला. पाच मिनिटांत आतली हवा कोमट! हिला बोलावून हात लावून बघायला सांगितलं. ही म्हणाली, तुमचाच श्वास असेल.
सहाव्या मिनिटाला पुठ्ठा सुटून पंख्यात गेला. तुकडे चार घरांपुढून गोळा करून शेजारच्या बाईंनी आणून दिले. विचारायचं बरंच होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.
तरी प्रयोग यशस्वी. घोडं कुठे पेंड खातंय ते समजलं. इंजिन तापतच नाही. का तापत नाही, एवढंच शोधायचं राहिलं.

११ डिसेंबर
दिवसभर टेबलाशी. आकृती काढली. पाणी इंजिनात जातं, तापतं, मग हीटरकडे येतं. पण ते नीट तापेपर्यंत कुणीतरी त्याला अडवून धरायला हवं. आमच्या गाडीत तसं अडवणारं काहीच नाही. कंपनीची अक्षम्य चूक. खरमरीत पत्र लिहायला घेतलं.
मध्येच ही टेबल पुसायला आली. पेपरवेट उचलला, खालून पुसलं, पुन्हा वहीवर ठेवला. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं काहीतरी पुटपुटली. हल्ली हिला कारण नसताना म्हणी सुचतात.

१३ डिसेंबर
पर्यायी योजना. रबराच्या चार पिशव्यांत गरम पाणी भरून मागच्या सीटवर ठेवल्या. मध्ये, बाळाच्या जागी, पाच किलो पिठाची पिशवी. शेजारी थर्मामीटर. स्टेशनपर्यंत जाऊन आलो. निघताना नऊ अंश, येताना पिठापाशी अकरा. एक पिशवी गळली. पीठ भिजलं. हिने दळणाचा डबा माझ्या हातात दिला.
इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. आरशातून त्या पिठाच्या पिशवीकडे पाहताना मी गाडी आणखी हळू घेतली. तीन दिवसांनी तिथे ती असेल. तिला घरी मलाच आणायचंय. दुसऱ्या कुणी आणलेलं मला चालणार नाही.

१५ डिसेंबर, दुपारी ४ (पलंगावरून, पेन्सिलने)
सकाळी निर्णायक कारवाई. डॅशबोर्डखाली डोकं घातलं, पाय सीटवर. हात हीटरच्या पाइपपर्यंत पोचला आणि कंबरेत उसण भरली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. नाकासमोर क्लच. पाऊण तास. हॉर्न वाजवावा म्हटलं तर तो वर.
ही शोधत आली. मी म्हणालो, काम चालू आहे. ही गेली. आली ती मेकॅनिकला घेऊनच.
त्याने सीट मागे सरकवून मला ओढून काढलं. सावकाश सर, सावकाश, म्हणत घरात आणून पलंगावर ठेवलं. पलंगाशेजारी टेबल. टेबलावर वही. वहीवर पेपरवेट. त्याने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.
त्याने हिला पातेल्यात पाणी उकळायला लावलं, भाग त्यात सोडला आणि पातेलं मला दाखवायला आणलं. पाण्यात त्या भागाचं तोंड हळूहळू उघडलं. बाहेर काढून गार झाल्यावर मिटलं. तो म्हणाला, चांगला आहे सर, पाणी गार असलं की अडवतो, तापलं की सोडतो. धडा सातवा. उष्णतेने होणारं प्रसरण. एकतीस वर्षं फळ्यावर मी हेच लिहीत होतो.
हिने विचारलं, हा गाडीतून निघाला कसा? मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, हादऱ्यांनी सुटून पडतो कधी कधी, काकू. सरांनी जपून ठेवला हे बरं झालं.
उन्हाळ्यात तो काढायला मला तीन तास लागले होते.

१६ डिसेंबर, सकाळी ९
मला उठायची बंदी. मेकॅनिक माझी गाडी घेऊन स्टेशनवर गेलाय, ही त्याच्या शेजारी. तसं पाहिलं तर नात माझ्याच गाडीतून येतेय. गाडीत मी नाही, एवढंच. एवढंच का म्हणालो, कळत नाही. सकाळपासून खिडकीकडे तोंड करून पडलोय.

१६ डिसेंबर, दुपारी १
आले. मुलीने बाळाला माझ्या कुशीत ठेवलं. गाल गरम. मुलगी म्हणाली, बाबा, गाडीत इतकी ऊब होती की हिची टोपी काढली, वाटभर झोपली. मेकॅनिकने तिला सांगितलं म्हणे, भाग सरांकडेच होता, मी फक्त बसवला. यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि म्हणूनच मला तिच्याकडे बघवेना.
तो निघाला तेव्हा मी त्याला पलंगापाशी बोलावलं. त्या चार मार्कांचं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, सावकाश जा. तो म्हणाला, हो सर.
ते चार मार्क मी द्यायला हवे होते.

१६ डिसेंबर, दुपारी ३
बाळ झोपलंय. लिहायला म्हणून हात लांब केला, तर वहीवर एक गोल दगड. मी ठेवलेला नाही. हिला विचारलं. म्हणाली, पानं उडू नयेत म्हणून ठेवलाय. दारापर्यंत जाऊन मागे वळली आणि म्हणाली, हा बागेतला आहे, कशातून काढलेला नाही.