झरोक्याला जाळी

३ मे

संध्याकाळी आईनं पुन्हा घरभर चादरी पसरल्या! टेबलावर, टीव्हीवर, शेगडीवर. शेगडी चालू होती. चादरीचा कोपरा पेटला, मी ओरडले, ती भेदरून भिंतीला टेकली.

जन्मभर तिनं हेच केलं. गावच्या वाचनालयात ती कामाला होती; ते बंद झालं की टेबलांवर मेणकापड पसरायचं, कारण अंधारलं की कपाटांमागून वटवाघळं निघतात. सकाळी लेंड्या झटकून सगळं पुसायचं. मी लहान असताना मला घरात ठेवून, बाहेरून कडी लावून ती धावत जायची, कापडं पसरून धावत परत यायची. "ती किडे खातात म्हणून आपली पुस्तकं टिकलीत," असं म्हणायची. आता तिथं ग्रंथपाल मी आहे, आणि तिला माझं नावही आठवत नाही.

दादाचा फोन. आता हट्ट पुरे, म्हणाला. वृद्धाश्रमात ठेवू.

६ मे

आईला सोडून आले.

७ मे

संध्याकाळी घरातलं टेबल उघडंच राहिलं. बघवत नाही.

९ मे

वाचकांची तक्रार — वास येतो, पुस्तकांवर घाण पडते. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, वटवाघळं ये-जा करतात तो झरोका बंद करून टाका. आमचे सर्वांत नियमित सभासद तर वटवाघळंच आहेत, म्हटलं मी! कुणी हसलं नाही. किडे वाढतील, पुस्तकांची चाळण होईल, सगळं सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एवढंच कबूल करून घेतलं — सगळी बाहेर पडल्यावरच जाळी ठोकायची. एकही आत कोंडून मरायला नको.

१० मे

सुताराला घेऊन अंगणात उभी राहिले. आधी एकेक निघालं, मग लोटच्या लोट. पार थांबेपर्यंत वाट पाहिली. मग त्यानं जाळी ठोकली. जिवाला लागलं, पण कुणाचा जीव तर घेतला नाही. फार दिवसांनी झोप येतेय.

११ मे

कपाटामागे चिरचिर. उंदीर असतील म्हणून कपाट सरकवलं — पिल्लं! उघडी, बोटाएवढी, भिंतीला चिकटलेली. उडता येईपर्यंत पिल्लांना मागे ठेवूनच आया चरायला जातात. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

बाहेर एक मादी जाळीत पंख अडकून मेलेली. काल किती जणी धडका देत राहिल्या असतील, कोण जाणे. अध्यक्षांना न विचारताच सुताराला बोलावून जाळी काढायला लावली. अंधारल्यावर आया आत शिरल्या, काही पिल्लं त्यांना बिलगली. बाकीची खाली पडली होती, गार. रुमालात गुंडाळून अंगणात पुरली. सुतार खड्डा बुजवत होता आणि मी रडत होते. चांगलं करायला गेले आणि आयांनाच बाहेर कोंडलं.

१४ मे

आश्रमातून परिचारिकेचा फोन. आई जेवत नाही. दिवेलागणीला फाटकाशी जाते आणि गजांवर हात आपटत राहते. हात सोलून निघालेत. काय म्हणते, विचारलं. पुटपुटते, नीट कळत नाही, म्हणाली.

दादाला कळवलं. "होईल सवय," म्हणाला. मी सांगितलं, उद्या घरी आणतेय. शेगडीचं काय, म्हणून चिडला. संध्याकाळी गॅस बंद ठेवीन. पसरू दे तिला चादरी.

१५ मे

फाटकाशीच भेटली. हातांना पट्ट्या. परक्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, आणि अगदी काकुळतीनं म्हणाली, "बाई, एवढं फाटक उघडा हो. माझी मुलगी घरात एकटी आहे."