शिसमाच्या दस्त्याची रायफल

धानोरा, ता. ६ मे १९३६

चि. नवल यास आजीचे अनेक आशीर्वाद वि. वि. इकडे सर्व खुशाल, असे या वेळी म्हणवत नाही. आखाजीची सुट्टी संपवून तू धुळ्याला गेलास आणि दुसऱ्या दिवशी ह्यांची रायफल माळ्यावरून गेलेली दिसली. हे गेल्यापासून नऊ वर्षे मीच तिला तेल लावते. शिसमाच्या दस्त्यावर ह्यांचा गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा तुला ठाऊक आहे. चोराचे हात झडोत.

त्याहून संताप फौजदाराचा. चोरी कळवली, तर त्याने आपल्या रेवजी जागल्यालाच उचलले. डोंगरातला पावरा आहे, एवढाच गुन्हा. ह्यांना तापात तोरणमाळच्या घाटातून पाठीवर उतरवले ते त्याने. त्याची मीनाबाई रोज ओसरीवर येऊन बसते, काही मागत नाही. तू कचेरीतला शहाणा, फौजदाराला चार ओळी लिही. हे पत्र तुझी बायको धनु लिहिते आहे. खुशाली विचारायला ती लाजते, म्हणून मीच विचारते. लोभ ठेव, पण आधी कागद पाठव.

तुझी आजी, कौसाबाई

धुळे, ता. ११ मे

ती. आजीस नवलचा शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून वाईट वाटले. परंतु जुने लोखंड ते, त्यापायी जिवाला त्रास करून घेऊ नये. रेवजीचे म्हणाल, तर डोंगरातल्या माणसाची खात्री कोण देणार? मी मध्ये पडणे नोकरीच्या दृष्टीने बरे दिसणार नाही. साहेब हल्ली प्रसन्न आहेत, पावसाळ्याआधी मला कायम करतील. आपली माया अशीच राहावी.

आपला, नवल

धानोरा, ता. २० मे

नवल यास, आशीर्वाद या खेपेला राहू दे. रायफल सापडली. नंदुरबारचा मुनव्वर मिस्त्री स्वतः घेऊन आला. तुझ्या साहेबाच्या शिपायाने ती त्याच्याकडे टाकली होती: जुना दस्ता फेका, नवा बसवा, वर साहेबाच्या नावाची चांदीची पट्टी ठोका. तो दस्ता मुनव्वरच्या बापाने, फकीर मिस्त्रीने, घडवलेला. बापाचे काम लेक ओळखणार नाही? ही तर कौसाआजीनी शे, तुला कुठे मिळाली, असे त्याने विचारले. शिपाई म्हणाला, नवलभाऊंनी साहेबांना भेट दिली.

तरीच जाताना तुझी वळकटी जड होती. मला वाटले, माझे पापड. आपल्या माळ्यावर ते जुने लोखंड, आणि साहेबाच्या भिंतीवर गेले की सोने काय?

मुनव्वरने गंज उतरवला, अडकलेला घोडा मोकळा केला, दस्त्याची चीर पितळी पट्टीने बांधली. गालाच्या जागेला त्याने कानस लावली नाही, न सांगता. परक्याला कळले. रेवजी कोठडीत मार खातो आहे. येऊन फौजदारापुढे खरे सांग. रविवारपर्यंत वाट बघते, पुढे एक दिवस नाही. मग लोभाचे बघू.

कौसाबाई

धुळे, ता. २२ मे

ती. आजी, पाया पडतो. चूक झाली. रायफल आपणच दुरुस्तीला पाठवली होती आणि विसरलात, एवढे फौजदाराला सांगावे. वयाकडे बघून कोणी काही म्हणणार नाही. रेवजीही सुटेल. माझे नाव तेवढे येऊ नये. पोटाशी घ्यावे.

नवल

धानोरा, ता. २५ मे

नवल, काल दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. मी विसराळू झाले म्हणायचे? ह्यांनी मला पहिली थाप मारली ती कोणत्या वारी, तेही मी सांगते.

आज सकाळी धनु आणि मी ठाण्यात गेलो. मुनव्वर साक्षीला आला. रायफल टेबलावर ठेवली आणि म्हटले, आधी रेवजीला सोड, मग बोलते. सोडले. त्याला धड चालता येत नव्हते, मीनाबाईने खांदा दिला.

फौजदाराने विचारले, बंदूक मूळ कोणाची. ह्यांचे नाव मी जन्मात घेतलेले नाही, आजही जीभ वळली नाही. ते सोबत आलेल्या आपल्या गावच्या लोटन पाटलाने सांगितले. मग विचारले, नेली कोणी. धनुने डोळे मिटून घेतले. ते नाव मी घेतले, बापाच्या नावासकट, आणि खाली अंगठा दिला.

लोभ अजून आहे, त्याचाच राग येतो.

तुझी आजी