दादाला बुद्धिबळ येतं, म्हणून

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन, मग सोसायटीच्या स्पर्धा. बुद्धिबळात दादाचं नाव शेजारच्या शेखकाकांनी परस्पर घातलं होतं. मला कळलं तेव्हा तो पार्किंगमध्ये पटासमोर बसलाही होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं. शेवटचा डाव, समोर सेक्रेटरींचे जावई. खराडीत आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. एका हातात मोबाईल, दुसऱ्यात वडापाव.
दादा जिंकला.
जावई उठले, हसले, म्हणाले, "हा तर एकदम नॉर्मल आहे की!" सगळे हसले. आईसुद्धा. माझा भाऊ शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि तो "हा". जावई तिशीतले, त्यांना सगळे "अहो".

२७ जानेवारी, मंगळवार
सोसायटीच्या ग्रुपवर कालच्या डावाचा व्हिडिओ. खाली: "मतिमंद म्हणे! आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार." टाळ्या, अंगठे. ऑफिसातून निघेपर्यंत सूर बदलला होता. बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लिहिलं, "एवढं डोकं चालतं तर अपंगांच्या सवलती कशाला?"
मी लिहिलं: "दादाला घड्याळ कळत नाही. एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही. ताप आला तर काय होतंय ते सांगता येत नाही. खात्री करायची असेल तर एक दिवस तुमच्याकडे ठेवते. डबा देते सोबत."
एकाने फक्त नमस्काराचे हात पाठवले. कशाबद्दल, देव जाणे.

१ फेब्रुवारी, रविवार
आई सकाळी बुद्धविहारात गेली. मी खाली, दादा आणि काका खेळत होते तिथे बसले. काकांचा मार्केट यार्डात गूळ-चिंचेचा गाळा होता, आता मुलगा बघतो. दादाला त्यांनीच शिकवलं. उंट तिरका जातो हे बसायलाच एक पावसाळा गेला. घोड्याला किती लागला ते विचारूच नये.
म्हटलं, "काका, खरं सांगा. दादा हुशार आहे का?"
"बुद्धिबळात बरा आहे."
"म्हणजे?"
"म्हणजे बुद्धिबळात बरा आहे. घाई करत नाही. समोरचा चुकेपर्यंत बसून राहतो. आमचे धाकटे बंधू काय सुंदर गायचे! दुकान बुडवलं. गातो म्हणजे व्यापारही जमेल असं कोणी म्हणालं नव्हतं."
सगळा घोळ त्या नावाचा आहे. बुद्धि-बळ. कॅरमला कोणी बोटबळ म्हणत नाही.
दादा मध्येच म्हणाला, "सुजा, गप्प. काका विचार करतायत."

४ फेब्रुवारी, बुधवार
आज एक क्लासवाले घरी. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांची पाटी बिबवेवाडीत चौकाचौकात आहे, "बुद्धिबळ शिका, बुद्ध्यांक वाढवा." दादाचा फोटो हवा होता. एका बाजूला जुना, दुसऱ्या बाजूला आत्ताचा. मध्ये बाण.
"मी तुमच्या क्लासला येत नाही," दादा म्हणाला.
"तेवढं आपण जमवू," क्लासवाले म्हणाले. त्याच्याकडे न बघता, माझ्याकडे बघून.
मी म्हटलं, "इतकी वर्षं खेळतोय, शर्टाची बटणं अजून आई लावते. हे छापणार का बाणाखाली?"
पेढ्यांचा बॉक्स आणला होता. तो त्यांच्या हातात परत दिला. ते जिन्यात पोचेपर्यंत मी दार उघडंच ठेवलं होतं. आपटायचं होतं म्हणून.

९ फेब्रुवारी, सोमवार
रजा टाकली. दादाचा अपंगत्वाचा जुना दाखला आता चालत नाही, नवं कार्ड लागतं, म्हणून पुन्हा तपासणी. कार्ड नसेल तर कार्यशाळेतली त्याची जागा जाते. तिथे तो पाकिटं चिकटवतो, तिथे त्याचे चार मित्र आहेत. आणि आईनंतर बाबांचं पेन्शन त्याला मिळायचं, तेही जातं.
सरकारी दवाखाना, लांब बाक. आमचा नंबर लागला. डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, "दिवसभर करतात काय?"
आई कौतुकाने, "कार्यशाळेत जातो. आणि बुद्धिबळ खेळतो ना! सोसायटीत पहिला आला."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बुद्धिबळ? मग बुद्धी कमी कशी?"
मी बोलले. बरंच बोलले. चढ्या आवाजात, हे मान्य. ते म्हणाले, "मॅडम, मी नाही म्हणत नाहीये. मानसशास्त्राच्या विभागात पुन्हा दाखवा. तेवीसला या."
परत येताना आईने रिक्षात जुना दाखला पदराखाली धरून ठेवला.
बाबा टपाल खात्यात लागले तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "परीक्षा स्वतःच दिलीत ना?" आमच्या लोकांच्या डोक्यात किती आहे हे मोजायची हौस लोकांना तेव्हाही होती. तेव्हा जास्त निघालं म्हणून संशय. आता दादाचं थोडं जास्त निघालं म्हणून

पुरे. हात दुखतोय.

११ फेब्रुवारी, बुधवार
आईने पट कपाटावर टाकला. दादाला सांगितलं, काका गावाला गेलेत. काका खाली बाकावर बसलेले गॅलरीतून दिसतात. दादा म्हणाला, "ते बघ काका." आई म्हणाली, "ते दुसरे."
मी आईवर ओरडले. ती कणीक मळत होती, थांबली नाही. "मी गेल्यावर तू बघशील त्याला, माहीत आहे. आणि तू गेल्यावर?"
तिचं बरोबर आहे. पण राग आहे. तो कुठे ठेवायचा?

१५ फेब्रुवारी, रविवार
आई दादाची तयारी करून घेते आहे.
"बुद्धिबळ येतं का, असं विचारलं तर काय म्हणायचं?"
"येतं."
"नाही म्हणायचं."
"पण येतं."
"राहुल, नाही म्हणायचं बाळा."
दादाचा चेहरा पडला. म्हणाला, "मग काकांना विचार. काका सांगतील."
त्याला खोटं बोलता येत नाही. नवा नियम करायला पाहिजे: ज्याला खोटं बोलता येत नाही त्याला सरळ कार्ड द्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टी. काकांना खाली जाऊन सगळं सांगितलं. म्हणाले, "त्याचं नाव मी घातलं." मी म्हटलं, नाव घालण्यात काय चुकलं? चुकीचं वाचणारे दुसरेच आहेत. पण ते लवकर उठून गेले. दादा गॅलरीतून हाका मारत होता.

२३ फेब्रुवारी, सोमवार
मानसशास्त्र विभागातल्या मॅडम तरुण होत्या, चांगल्या होत्या. हाच त्रास आहे. दादाशी थेट बोलल्या, "अहो राहुल" म्हणाल्या. चित्रं दाखवली, ठोकळे दिले, घड्याळ दाखवलं. दादाने घड्याळाला "दुपार" म्हटलं. मग त्यांनी बुद्धिबळाचा पट काढला. डॉक्टरांनी कळवलं म्हणून घरून आणला होता, भाच्याचा. म्हणाल्या, "मला फारसं येत नाही हं. आपण थोडं खेळून बघू."
सोंगट्या त्यांनीच मांडल्या. काळ्या दादासमोर, पांढऱ्या स्वतःसमोर.
"हं, करा सुरुवात."
दादा हात मांडीवर ठेवून बसला. पांढऱ्याची चाल पहिली. काकांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट.
"खेळा ना."
"तुमची चाल."
"नाही नाही, तुम्ही खेळा. कोणतीही सोंगटी हलवा."
"तुमची चाल आहे," दादा अगदी हळू. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.
त्या थांबल्या. मग खाली बघून लिहू लागल्या. मी तोंड उघडलं. आईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबून धरला. एवढ्याशा बाईत एवढा जोर.
मी तोंड मिटलं.
मॅडमनी काय लिहिलं ते उलटं वाचता आलं: खेळाचे नियम समजत नाहीत.
रिक्षात दादाने विचारलं, "त्यांनी चाल केलीच नाही. मग मी जिंकलो का?"
आई म्हणाली, "हो." आणि बाहेर बघत राहिली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसात लक्ष नाही. ज्या कागदासाठी धावपळ केली तो आता बहुधा मिळेल, आणि तो मिळेल या खोट्यावर की दादाला नियम समजत नाहीत. त्या खोलीत नियम समजणारा तो एकटा होता!
मॅडमना फोन करू? काय सांगू? त्याला खेळ येतो आणि त्याला घड्याळ कळत नाही. दोन्ही खरं आहे. एवढं साधं वाक्य, त्याला कुठल्याच कागदावर जागा नाही. एक लिहिलं की दुसरं पुसतात.
नंबर काढून ठेवलाय. लावला नाही.

१ मार्च, रविवार
आई विहारात. रिपोर्ट अजून नाही. काका आज खाली पट मांडून एकटेच बसलेत. काल आईला विचारलं त्यांनी, "वहिनी, दाखला आला की पाठवाल ना त्याला?" आई म्हणाली, "आला आणि पुन्हा कोणी व्हिडिओ काढला तर?" म्हणजे हे दाखल्यापुरतं नाही. कायमचं.
दादाने काकांना पाहिलं. चपला घातल्या, उलट्या. मी वाकून नीट केल्या. "जाऊ?" म्हणाला.
खाली बी विंगचे लोक गाड्या धुतायत. सगळ्यांच्या खिशात मोबाईल.
"सुजा, जाऊ का?"
हे लिहितेय आणि तो दारात उभा आहे. घाई करत नाही.